ट्रॅक्टरवर चालणारा चिपर घेताय? आधी फांद्या मोजा, मग एचपी बघा

ऑक्टोबरमध्ये निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षबागांची फळछाटणी सुरू झाली की दोन ओळींच्या मधली जागा काड्यांनी भरून जाते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पुन्हा तेच चित्र. बरीच वर्षं या काड्यांचं काय करायचं याचं उत्तर एकच होतं. गोळा करायच्या, बांधावर ढीग लावायचा आणि संध्याकाळी काडी ओढायची. आता मजूर मिळत नाहीत, धुराचा त्रास आहे, आणि जमिनीचा सेंद्रिय कर्ब घसरत असताना तोच कर्ब जाळून टाकणं अनेकांना पटेनासं झालंय. म्हणून फांद्या बारीक करणाऱ्या यंत्राची चौकशी वाढली आहे.

पण दुकानात गेल्यावर गोंधळ उडतो. एक जण चिपर दाखवतो, दुसरा श्रेडर, तिसरा मल्चर. प्रत्येक जण सांगतो, "भाऊ, कितीही जाड फांदी टाका, भुगा होणार." यंत्र घरी आल्यावर कळतं की आपला ट्रॅक्टर त्याला पुरत नाही, किंवा आपल्या फांद्या त्या यंत्रासाठी नाहीतच.

तर असं यंत्र निवडताना नेमकं काय बघायचं?

चिपर, श्रेडर आणि मल्चर एकच का?

नाही. तिन्ही यंत्रं ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या बाजूला फिरणाऱ्या शाफ्टवर चालतात, एवढंच त्यांच्यात सारखं आहे.

चिपरमध्ये धारदार ब्लेड असतात. फांदी आत गेली की तिचे सुरीने कापल्यासारखे तुकडे होतात. यातही दोन प्रकार आहेत. डिस्क चिपरमध्ये जाड पोलादी चकतीवर ब्लेड बसवलेले असतात. चकती जड असल्यामुळे ती फिरत राहते आणि तुकडे एकसारखे निघतात. ड्रम चिपरमध्ये ब्लेड आडव्या ढोलावर असतात. तो फांदी जोरात आत ओढतो आणि झुडपासारखा पसरट माल चांगला घेतो, पण ताकदही जास्त मागतो.

श्रेडरमध्ये धारेपेक्षा मार महत्त्वाचा. आत लोखंडी हातोड्या फिरतात आणि माल ठेचून, फाडून चाळणीतून बाहेर टाकतात. ओला पाला, बारीक काड्या, केळीचा कचरा, नारळाच्या झावळ्या यांना हेच यंत्र बरं. झावळी चिपरमध्ये घातली तर तिचे धागे ब्लेडच्या दांड्याला गुंडाळले जातात आणि अर्धा दिवस ते सोडवण्यात जातो. कोकणातल्या बागायतदारांनी ही एक गोष्ट तरी आधी विचारून घ्यावी. बाजारात चिपर-कम-श्रेडरही मिळतात, त्यात जाड फांदीसाठी वेगळं तोंड आणि पाल्यासाठी वेगळं तोंड असतं.

मल्चर किंवा फ्लेल श्रेडर हा वेगळाच मामला. त्यात हाताने काही टाकावं लागत नाही. ट्रॅक्टर ओळीतून चालवायचा आणि जमिनीवर पडलेल्या काड्या जागेवरच बारीक करायच्या. विदर्भात पऱ्हाट्या कुट्टी करायला वापरतात ते यंत्र याच कुळातलं. द्राक्षाच्या काड्या पेन्सिलीएवढ्या, फार तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या असतात. त्यामुळे फक्त द्राक्षबाग असलेल्या शेतकऱ्याला खरं तर चिपरची गरज नसते, मल्चरच पुरतो. मजुरीही तिथेच वाचते, कारण काड्या उचलाव्या लागत नाहीत. फक्त यंत्राची रुंदी बघायची. 9 फुटांच्या ओळीत वेली आणि खांब सोडून यंत्राला किती जागा उरते, हे टेप लावून मोजलेलं बरं.

कडबाकुट्टीत फांद्या घालण्याचा 'जुगाड' काही ठिकाणी चालतो. ते यंत्र कडब्यासाठी बनवलेलं आहे. लाकडाच्या धक्क्याने त्याची पाती तुटून उडू शकतात.

किती इंचाचा घ्यायचा?

चिपर त्याच्या तोंडात किती जाडीची फांदी मावते त्यावरून ओळखला जातो: 4 इंची, 6 इंची, 8 इंची. माणसाचा कल मोठ्याकडे जातो. शेतात एखादी 7 इंची फांदी दिसली की वाटतं, 8 इंचीच घ्यावा.

इथे थोडं थांबायला हवं. 7 इंच जाडीचं लाकूड हे सरपण आहे. आंबा, बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ कशाचंही असलं तरी त्याला चुलीवर, भट्टीवर किंवा बाजारात किंमत आहे. ते डिझेल जाळून बारीक करणं म्हणजे पैसेच बारीक करणं. डोकेदुखी असते ती मनगटाहून बारीक फांद्यांची. त्यांना कोणी विकत घेत नाही, रचून ठेवल्या तर जागा अडते, आणि त्यात साप-विंचू घर करतात.

म्हणून छाटणी झाल्यावर एक ढीग समोर घेऊन बघावं. डाळिंब, पेरू, सीताफळ, लिंबू यांच्या नेहमीच्या छाटणीत 2 ते 3 इंचांच्या वर फारसं काही निघत नाही. जुन्या हापूस झाडांचं पुनरुज्जीवन करताना मोठ्या फांद्या तोडल्या जातात, पण त्यातला जाड भाग लाकूड म्हणून वेगळा काढला की उरलेल्या ढिगाला 4 इंची यंत्र पुरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपनी सांगते तो आकडा सरळ, ओल्या आणि मऊ लाकडाचा असतो. वाळलेली बाभूळ किंवा वाकडीतिकडी डाळिंबाची फांदी यांना तो लागू नाही. बेचकं असलेली फांदी 2 इंचांची असली तरी तिचा पसारा तोंडात मावत नाही, आधी कोयत्याने किंवा करवतीने सुटी करावी लागते. त्यामुळे नेहमीच्या फांदीपेक्षा इंचभर मोठं तोंड घ्यावं, चार इंच मोठं नाही. फांद्या शक्यतो छाटल्यापासून आठवडाभरात, ओल्या असतानाच बारीक कराव्यात. ओलं लाकूड कापायला ताकद कमी लागते आणि ब्लेडची धारही जास्त टिकते.

ट्रॅक्टर 24 एचपीचा, मग यंत्र 24 एचपीचं चालेल?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली एचपी ही इंजिनची असते. गेअरमधून जाताना त्यातली काही ताकद खर्च होते आणि पीटीओवर साधारण 85 ते 90 टक्के पोचते. म्हणजे 24 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरवर हातात येतात 20-21. ट्रॅक्टर जुना असेल तर त्याहून कमी. यंत्राच्या माहितीपत्रकात जी एचपी लिहिलेली असते ती इंजिनची की पीटीओची, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावं.

ढोबळ अंदाज बांधायचा तर फांदीच्या दर इंचाला 5 पीटीओ एचपी धरतात. 4 इंची चिपरला 20, 6 इंचीला 30, 8 इंचीला 40 किंवा जास्त. हा नियम नाही, अंदाज आहे. मऊ लाकूड हळूहळू सरकवलं तर कमी ताकदीतही काम होतं, कडक लाकडाला आणि ड्रम चिपरला जास्त लागते. पण 24 एचपीच्या ट्रॅक्टरला कोणी 6 इंची चिपर गळ्यात मारत असेल तर या हिशेबाने तो लगेच ओळखता येतो.

एचपीइतकाच महत्त्वाचा आहे वेग. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर पीटीओला मिनिटाला 540 फेरे देतात आणि शाफ्टला 6 खाचा असतात. हा वेग इंजिन ठरावीक आरपीएमवर असतानाच मिळतो. बऱ्याच ट्रॅक्टरच्या मीटरवर त्याची खूण असते. डिझेल वाचवायला रेस कमी ठेवून चिपर चालवला तर ब्लेड कापत नाहीत, चावतात. माल तोंडातच अडकतो.

उलट बाजूनेही चूक होते. काही मिनी ट्रॅक्टरला 540 शिवाय जास्त वेगाचा दुसरा पीटीओ गेअर असतो, तर काहींना रिव्हर्स पीटीओ असतो. 540 साठी बनवलेली चकती त्याहून जोरात फिरवली तर ती फुटू शकते. यंत्र ट्रॅक्टरला जोडल्यावर पहिल्यांदा लिव्हर बघायचा, मगच पीटीओ टाकायचा.

फांदी आत कशी जाते?

साध्या चिपरला उतरतं तोंड असतं. फांदी टाकली की ब्लेडच तिला ओढून घेतात. यंत्र स्वस्त, भाग कमी, बिघाड कमी. पण फांदी कधी झपकन ओढली जाते, कधी नाचत राहते, आणि बारीक काड्या हाताने ढकलाव्या लागतात.

महागड्या यंत्रांना हायड्रॉलिक रोलर असतात. ते फांदी पकडून एकाच वेगाने आत सरकवतात. हा वेग कमी-जास्त करता येतो, अडकलं तर रोलर उलटा फिरवता येतो. काही यंत्रांत इंजिनवर लोड आला की रोलर आपोआप थांबतो आणि वेग परत आला की सुरू होतो. कमी एचपीच्या ट्रॅक्टरसाठी ही सोय फार कामाची आहे.

दोन-चार एकरांच्या बागेला साधं यंत्र चालतं. भाड्याने देऊन व्यवसाय करायचा असेल तर रोलरवर पैसे घालावेत, कारण दिवसभर हाताने फांद्या ढकलणारा माणूस चारच्या पुढे थकतो आणि अपघात तेव्हाच होतात.

जोडणीतल्या तीन गोष्टी, ज्या दुकानदार सांगत नाही

पहिली, फ्रीव्हील क्लच. चिपरची चकती जड असते. पीटीओ बंद केला तरी ती मिनिटभर फिरत राहते. ज्या ट्रॅक्टरला सिंगल क्लच आहे, त्यात ही फिरणारी चकती उलट ट्रॅक्टरलाच ढकलू शकते. क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो. पीटीओ शाफ्टवर फ्रीव्हील म्हणजे एकाच दिशेने ताकद पोचवणारा क्लच बसवला की हा धोका जातो. सायकलच्या मागच्या चाकात असतो तोच प्रकार. ड्युअल क्लच असलेल्या ट्रॅक्टरला हा त्रास कमी, तरी क्लच असलेला बरा.

दुसरी, शेअर बोल्ट किंवा स्लिप क्लच. आत दगड, खिळा किंवा फार जाड लाकूड गेलं की हा बोल्ट तुटतो आणि गेअरबॉक्स वाचतो. बोल्ट सारखा तुटतो म्हणून त्या जागी कडक बोल्ट बसवणारे महाभाग गावोगावी आहेत. मग बोल्टाच्या जागी ट्रॅक्टरचा पीटीओ तुटतो.

तिसरी, शाफ्टची लांबी. यंत्राबरोबर आलेला शाफ्ट प्रत्येक ट्रॅक्टरला जसाच्या तसा बसेल असं नाही. लांब असेल तर लिफ्ट उचलताना तो दोन्ही टोकांना टेकतो आणि बेअरिंग फोडतो. आखूड असेल तर निसटतो. चालू असताना आतल्या-बाहेरच्या नळ्या किमान एक तृतीयांश लांबीने एकमेकांत असाव्यात. कापायचा असेल तर विक्रेत्याच्या मेकॅनिककडूनच, आपल्या ट्रॅक्टरला लावून कापून घ्यावा.

यंत्राचं वजनही बघावं. मिनी ट्रॅक्टरच्या मागे जड चिपर उचलला की पुढची चाकं हलकी होतात आणि उतारावर स्टिअरिंग ऐकत नाही.

ब्लेड: खरा खर्च इथे आहे

चिपर बिघडतो तो बहुतेक वेळा ब्लेडमुळे. धार असली की स्वच्छ तुकडे पडतात. तुकड्यांऐवजी भुगा, तंतू आणि धूर निघायला लागला, फांदी थरथरायला लागली, की धार गेली असं समजावं. मातीत लोळलेल्या फांद्या ब्लेडच्या सगळ्यात मोठ्या शत्रू. मुळासकट उपटलेली झाडं चिपरमध्ये घालूच नयेत. द्राक्षबागेत तारांचे तुकडे, सुतळी आणि ठिबकच्या नळ्या काड्यांत अडकून येतात, त्या आधी वेगळ्या काढाव्या लागतात.

फिरत्या ब्लेडसमोर एक स्थिर ब्लेड असतं. या दोघांमधलं अंतर फार थोडं, मिलिमीटरमध्ये मोजायचं असतं, आणि ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. धार लावली की हे अंतर बदलतं, म्हणून दर वेळी पुन्हा जुळवावं लागतं. सगळे ब्लेड एकाच वेळी आणि सारखेच घासावेत. एक हलकं, एक जड झालं तर चकती थरथरते.

खरेदीआधी विचारायचा प्रश्न सोपा आहे: ब्लेडचा जोड तालुक्याच्या ठिकाणी मिळतो का? आयात केलेल्या यंत्राचा ब्लेड यायला महिना लागणार असेल तर तो महिना नेमका छाटणीचा असतो.

सगळंच बारीक करून बागेत टाकायचं का?

नाही, आणि इथे चूक झाली तर यंत्राच्या किमतीपेक्षा मोठं नुकसान होतं.

डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. रोगट फांद्या, पानं, फळं बागेत राहिली की पुढच्या बहाराला तिथूनच लागण होते. त्या कुट्टी करून झाडाखाली पसरवणं म्हणजे रोग हाताने पेरणं. अशा फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात, आणि तिथे जाळण्याला आजही पर्याय नाही. मर रोगाने गेलेल्या झाडांचंही तेच.

कपाशीचं मात्र उलट आहे. गुलाबी बोंडअळी वेचणीनंतर उरलेल्या बोंडांत आणि पऱ्हाट्यांत टिकते. फरदड न घेता हंगाम वेळेत संपवून पऱ्हाट्यांची कुट्टी केली तर अळीची साखळी तुटायला मदत होते. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर उन्हाळाभर रचून ठेवले तर तिला आयता निवारा मिळतो.

निरोगी कुट्टी जमिनीवर पसरायला हरकत नाही. ओल टिकते, तण दबतं. पण ताजा लाकडाचा भुसा मातीत मिसळला की तो कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र वापरतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून तो वर पसरावा, गाडू नये. गाडायचाच असेल तर शेण, स्लरी किंवा थोडा युरिया घालून काही महिने आधी कुजवून घ्यावा. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी आणि वाळवीवर लक्ष ठेवावं. फुलावर आलेलं गाजरगवत यात घालू नये, बी सगळ्या शेतात जातं. कण्हेरीची कुट्टी गोठ्यात अंथरायला वापरू नये, ती जनावरांना विषारी आहे.

सेकंदाला 9 फेरे

540 फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला 9. पदराचं टोक शाफ्टला लागल्यापासून माणूस ओढला जाईपर्यंत ओरडायलाही वेळ मिळत नाही. छाटणीच्या कामात बायका मोठ्या संख्येने असतात. साडीवर शर्ट घालण्याची पद्धत आहे, ती चांगली, पण खाली साडीचा घोळ तसाच राहतो. चिपरजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर सैल काही नको: पदर, ओढणी, उपरणं, गळ्यातला मफलर, हातातली बांगडी-कडं काहीच नाही. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर काम थांबवून आधी ते बदलायचं.

यंत्र घेताना एक चाचणी करावी, अर्थात यंत्र बंद आणि ट्रॅक्टरपासून सुटं असताना. तोंडात हात खांद्यापर्यंत घालून बघायचा. बोटं ब्लेडपर्यंत किंवा रोलरपर्यंत पोचत असतील तर ते यंत्र घेऊ नये, किंमत कितीही कमी असली तरी. रोलरवाल्या यंत्राला तोंडाच्या कडेला मोठा दांडा हवा, जो नुसत्या ढकलण्याने रोलर थांबवेल.

फांदी जाड टोकाकडून आत द्यायची आणि बाजूला उभं राहायचं, समोर नाही. अडकलेला माल हाताने किंवा पायाने ढकलायचा नाही, दुसऱ्या फांदीनेच ढकलायचा. उघडायचं असेल तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि चकती पूर्ण थांबेपर्यंत हात मागे. बंद केल्यानंतरचं ते एक मिनिट अनेकांच्या बोटांना महागात पडलंय.

विकत घ्यावा की भाड्याने?

समजा यंत्र 2 लाखांचं आहे आणि 10 वर्षं टिकेल. वर्षाला 20,000 रुपये घसारा, गुंतलेल्या पैशाचं व्याज सरासरी 10,000 धरलं तर वर्षाचे 30,000 झाले. वर्षात 40 तास चालवलं तर तासाला 750 रुपये नुसते यंत्राचे पडतात. 150 तास चालवलं तर 200. डिझेल, मजूर, ब्लेड वेगळे. यात आपल्या गावातले आकडे घालून बघितले की उत्तर मिळतं. पाच एकरांच्या एकट्या बागेत 150 तासांचं काम निघत नाही. चार-पाच शेतकऱ्यांनी किंवा गटाने मिळून घेतलं, किंवा अवजार बँकेतून भाड्याने आणलं तर हिशेब जुळतो.

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत अवजारांना अनुदान मिळतं. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना साधारण 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के, तेही ठरावीक कमाल मर्यादेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधी यंत्र घेतलं तर अनुदान जातं, आणि नेमकी हीच चूक घाईत होते. शिवाय त्या मॉडेलचा अधिकृत संस्थेकडून झालेला तपासणी अहवाल लागतो. विक्रेता "अनुदानात बसतं" म्हणत असेल तर त्या अहवालाची प्रत मागावी.

डेमोला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. दुकानदार मऊ, सरळ, ओल्या फांद्या तयार ठेवतो. आपल्या बागेतली वाकडी डाळिंबाची फांदी, आठवडाभर वाळलेली बाभूळ आणि पाल्यासकट झुडपांचा एक भारा सोबत न्यावा. शक्य असेल तर ट्रॅक्टरही आपलाच न्यावा. अर्धा तास सलग चालवून इंजिनचा आवाज किती वेळा दबतो, माल किती वेळा अडकतो आणि अडकलेलं काढायला किती बोल्ट खोलावे लागतात, हे मोजावं.